ज्यांनी पुस्तक वाचलं, त्यांना विचारा

अमेरिकेतल्या शाळांमधून पुस्तकं काढून टाकण्याची लाट 2021 पासून उसळली आहे. 'पेन अमेरिका' ही लेखकांची संस्था अशा घटनांची नोंद ठेवते. तिच्या मोजणीनुसार 2021-22 या शैक्षणिक वर्षात 2,532 घटना घडल्या, आणि 2023-24 मध्ये 10,046. या प्रकाराचं समर्थन करणारा एक युक्तिवाद आहे. तो आता तिकडच्या स्कूल बोर्डांच्या बैठकींपुरता राहिलेला नाही. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांत तो ऐकू येतो, आणि फोनवरून इकडच्या आजी-आजोबांनाही पटतो. ही बंदी नव्हेच, पुस्तक दुकानात मिळतंच की! शिवाय मुलांनी काय वाचावं हे पालक नाही तर कोण ठरवणार? काढलेली पुस्तकं तर अश्लीलच आहेत. आणि जी शाळकरी मुलं याविरुद्ध फलक घेऊन उभी राहतात त्यांना पुढे करणारी मोठी माणसं वेगळीच असतात.

हे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात आपल्या मुलांची काळजी असते, याबद्दल मला शंका नाही. पण यातलं एकही विधान तपासणीला टिकत नाही. शेवटचं तर मला सहनच होत नाही, कारण त्यात त्या मुलांचा अपमान आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज नावाचा एक शाळा-जिल्हा आहे. 1975 च्या सप्टेंबरात तिथल्या स्कूल बोर्डाचे तीन सभासद एका पालक-संघटनेच्या परिषदेला गेले आणि आक्षेपार्ह पुस्तकांची यादी घेऊन परतले. नोव्हेंबरातल्या एका रात्री त्यांपैकी दोघे हायस्कूलच्या ग्रंथालयात शिरले. यादीतली नऊ पुस्तकं त्यांना कॅटलॉगात सापडली. आणखी एक खालच्या वर्गांच्या ग्रंथालयात निघालं, एक बारावीच्या अभ्यासक्रमात. पुढच्या फेब्रुवारीत ही अकरा पुस्तकं कपाटांतून उचलून बोर्डाच्या कार्यालयात नेण्याचा हुकूम निघाला. अशा तक्रारींसाठी नियम ठरलेले आहेत, ते पाळा, असं शाळांच्या अधीक्षकांनी सांगून पाहिलं. बोर्डानं ऐकलं नाही. ही पुस्तकं अमेरिकाविरोधी, ख्रिस्तविरोधी, ज्यूविरोधी आणि निव्वळ घाणेरडी आहेत, असं पत्रक बोर्डानं काढलं.

त्या अकरा पुस्तकांत कोण होतं? रिचर्ड राइट होता. कर्ट व्हॉनेगट होता. लँग्स्टन ह्यूजनं संपादित केलेला कृष्णवर्णीय कथाकारांचा संग्रह होता. बर्नार्ड मॅलमडची 'द फिक्सर' ही पुलित्झर मिळालेली कादंबरीही होती. झारच्या रशियात एका निरपराध ज्यू कारागिरावर मुलाच्या खुनाचा खोटा आळ घेतला जातो, त्याची ही गोष्ट. ज्यूद्वेषाचं इतकं थेट चित्रण करणारं पुस्तक ज्यूविरोधी असा शिक्का मारलेल्या यादीत होतं. अ‍ॅलिस चाइल्ड्रेसची एक कादंबरी अमेरिकाविरोधी का, याचं बोर्डाच्या दोन सभासदांनी दिलेलं कारण न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदलेलं आहे. त्या कादंबरीत एका ठिकाणी जॉर्ज वॉशिंग्टनच्या पदरी गुलाम होते असा उल्लेख येतो. वॉशिंग्टनच्या पदरी गुलाम होते. तो इतिहास आहे.

मग चार पालक आणि शाळेतल्या चार जणांची समिती नेमली गेली. तिनं पाच पुस्तकं ठेवावीत अशी शिफारस केली. बोर्डानं तीही बाजूला सारली. एक पुस्तक मोकळेपणानं परत आलं, दुसरं पालकांच्या परवानगीच्या अटीवर, आणि बाकी नऊ गेली ती गेलीच. मोठ्या माणसांच्या साऱ्या यंत्रणा इथवर येऊन थांबल्या. त्यानंतर पाच विद्यार्थ्यांनी खटला भरला. त्यांच्यातला स्टीव्हन पिको सतरा वर्षांचा होता, आणि खटल्याला त्याचंच नाव लागलं. 1977 मध्ये सुरू झालेलं हे प्रकरण 25 जून 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयात संपलं. तोवर पिकोला शाळा सोडून बरीच वर्षं लोटली होती.

मुलांना पुढे करतात असं म्हणणाऱ्यांनी या साडेपाच वर्षांचा विचार करावा. खटला जिंकला तरी ज्या कपाटातून आपल्याला पुन्हा कधीच पुस्तक घ्यायचं नाही, त्या कपाटासाठी हा मुलगा लढत होता. मागून येणाऱ्या, नावही माहीत नसलेल्या मुलांसाठी. वकील त्यांना नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संघटनेनं दिले हे खरं. सतरा वर्षांचा मुलगा वकील आणणार तरी कुठून? कुळकायद्यात न्याय मागायला गेलेल्या शेतकऱ्यालाही वकील लागतो. त्यावरून जमीन त्याची नव्हे असं कुणी म्हणत नाही.

तेवढ्याच जुन्या आणखी एका प्रकरणाविषयी फार कमी बोललं जातं. मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी या गावच्या हायस्कूल ग्रंथालयात अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी लिहिलेल्या कवितांचा एक संग्रह होता. त्यातली एक कविता पंधरा वर्षांच्या मुलीची होती. शहरातल्या रस्त्यानं जाताना पुरुषांच्या नजरा आणि शेरे कसे अंगावर येतात, हे तिनं त्यात सांगितलं होतं. एका पालकाला ती भाषा खटकली. शाळा-समितीच्या अध्यक्षांनी संग्रहच काढायला लावला. विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि ग्रंथपाल एकत्र आले, खटला झाला, आणि 1978 मध्ये जिल्हा न्यायालयाच्या न्यायमूर्ती टॉरो यांनी पुस्तक परत ठेवायला लावलं.

या प्रकरणाशी मी पुन:पुन्हा येऊन थांबतो. पंधरा वर्षांच्या मुलीवर रस्त्यात जे गुदरतं ते तिनं सोसावं, पण पंधरा वर्षांच्या दुसऱ्या मुलीनं ते वाचू नये, असा तो आदेश होता. वय लहान म्हणून अनुभव कुणाला चुकलेला नाही. मग ते शब्दांत मांडणारी सोबत तेवढी का नाकारायची? पुस्तक काढल्यानं रस्त्यावरचा एकही पुरुष कमी होत नव्हता. कमी होत होती ती फक्त दुसऱ्या मुलीला मिळणारी जाणीव, की हे माझ्या एकटीचं नाही आणि यात दोष माझा नाही.

आता ही बंदी नव्हेच, या म्हणण्याकडे येतो. पेनच्या आकड्यांवर नेहमीचा आक्षेप असा, की चौकशी होईपर्यंत तात्पुरती बाजूला ठेवलेली पुस्तकंही त्यांत धरलेली आहेत. धरलेली आहेतच. धरायलाच हवीत. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावाजवळच्या सेंट्रल यॉर्क शाळा-जिल्ह्यात काय झालं ते पाहा. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर तिथल्या एका समितीनं वंशभेद समजून घ्यायला उपयोगी पडतील अशा पुस्तकांची आणि चित्रपटांची यादी केली. नोव्हेंबर 2020 मध्ये बोर्डानं ती सगळी यादी गोठवली. रोझा पार्क्सवरचं लहान मुलांचं चित्रमय चरित्र तिच्यात होतं, मलालावरचं पुस्तक होतं. आम्ही फक्त तपासतो आहोत, असं बोर्ड म्हणत राहिलं. ही तपासणी जवळजवळ दहा महिने चालली. दहा महिने म्हणजे सबंध शैक्षणिक वर्ष. ज्या मुलीच्या चौथीच्या वर्षात ते पुस्तक तिच्या शिक्षिकेच्या हाती नव्हतं, तिची चौथी पुन्हा येणार नाही. तात्पुरतं हा शब्द बोर्डाच्या दृष्टीनं असेल. मुलाचं शाळेतलं वर्ष मात्र एकदाच येतं.

सप्टेंबर 2021 मध्ये तिथल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी रोज सकाळी शाळा भरण्याआधी दाराशी उभं राहायला सुरुवात केली. हातात फलक असायचे आणि त्याच यादीतली पुस्तकं. पुढाकार घेणाऱ्या मुलींत कृष्णवर्णीय होत्या, एक भारतीय वंशाचीही होती. पहिली घंटा झाली की सगळी वर्गात जायची. एक तासही बुडवला नाही. 20 सप्टेंबरला बोर्डानं माघार घेतली आणि यादी मोकळी केली. मोठ्यांच्या सभांत दहा महिन्यांत जे झालं नव्हतं ते काही आठवड्यांत झालं, कारण ज्यांच्या नावानं निर्णय घेतला होता तीच मुलं दाराशी उभी होती. आमचं रक्षण म्हणून हे करू नका, असं ती म्हणत होती, आणि त्यांच्याकडे पाहून खोटं बोलणं अवघड होतं.

दुकानात मिळतं की, हे म्हणणं तर ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांचंच असू शकतं. शाळेचं ग्रंथालय हे गरीब घरातल्या, गाडी नसलेल्या, गावात पुस्तकाचं दुकान नसलेल्या मुलाचं ग्रंथालय असतं. सुस्थितीतल्या घरातला मुलगा हवं ते पुस्तक उद्या मागवेल. ज्याच्या घरी आई दोन ठिकाणी काम करते आणि पुस्तकावर खर्च होत नाही, त्याच्यासाठी शाळेच्या कपाटातून गेलेलं पुस्तक जगातून गेलेलं असतं. ज्या मुलाला आपल्याविषयीचं पुस्तक घरी नेताच येत नाही, त्याचीही गत तीच. म्हणूनच ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयानं एप्रिल 2022 मध्ये साऱ्या देशातल्या 13 ते 21 वयाच्या मुलांना आपलं ई-कार्ड फुकट द्यायला सुरुवात केली. ओक्लाहोमातल्या एका शिक्षिकेनं वर्गातल्या पुस्तकांवर कागद लावून त्या योजनेचा क्यूआर कोड भिंतीवर लावला, तर तिला नोकरी सोडावी लागली आणि पुढे राज्यानं तिचा शिक्षकी परवानाही रद्द केला. पुस्तक दुसरीकडे मिळतं एवढंच तिनं मुलांना सांगितलं होतं. पुस्तक दुसरीकडे मिळतं म्हणून ही बंदी नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी ही शिक्षा कशाबद्दल झाली याचं उत्तर द्यायला हवं.

पालकांच्या हक्काचा मुद्दा वजनदार आहे आणि मला तो झटकायचा नाही. माझ्या मुलानं अमुक पुस्तक इतक्यात वाचू नये असं मला वाटलं, तर मी ते शाळेला कळवावं आणि शाळेनं ते पाळावं. अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत ही सोय आधीपासून आहे. भांडण तिथे नाहीच. भांडण आहे ते माझ्या मताचा दोर शेजारच्या घरातल्या मुलाच्या पायात बांधण्याचं. आणि हे दोर बांधणारे कोण आहेत तेही आता ठाऊक आहे. 'वॉशिंग्टन पोस्ट'नं 2023 मध्ये 2021-22 सालच्या हजारावर तक्रारी मिळवून वाचल्या, तेव्हा त्यांतल्या 60 टक्के तक्रारी अवघ्या 11 माणसांनी केलेल्या निघाल्या. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या 2024 च्या नोंदींत पुस्तकं हटवण्याच्या मागण्यांपैकी पालकांकडून आलेल्या 16 टक्केच होत्या, तर 72 टक्के दबावगट, लोकप्रतिनिधी आणि सरकारी यंत्रणांकडून. म्हणजे पालक म्हणून ज्यांच्याविषयी आपल्याला सहानुभूती वाटते ते या चळवळीत अल्पसंख्य आहेत. त्यांचं नाव पुढे करून काम दुसरेच करताहेत. मोठ्यांनी कुणाला पुढे केलं आहे हा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो इथे विचारा.

आणि पालकांचा हक्क एकाच बाजूचा कसा? अर्कान्सामधल्या सीडरव्हिल गावच्या बोर्डानं 2002 मध्ये हॅरी पॉटरची पुस्तकं कपाटातून काढली आणि पालकांची लेखी परवानगी आणणाऱ्यालाच ती मिळतील असं ठरवलं. एका मुलीच्या आईवडिलांची परवानगी तर होतीच, आणि तेच आईवडील बोर्डाविरुद्ध न्यायालयात गेले. आपल्या मुलीनं वाचनासाठी चिठ्ठी का दाखवावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी न्यायालयानं ते मान्य केलं. चिठ्ठीची अटसुद्धा मुलाच्या मनावर ठसवते, की तू काहीतरी वाईट मागतो आहेस.

अश्लीलतेचा मुद्दा मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण घराघरांत खरी भीती याचीच आहे. एखाद्या सभेत कुणी उठून कादंबरीतला एक उतारा मोठ्यानं वाचतो, ऐकणारे शरमून खाली पाहतात, आणि तेवढ्यावर मत होतं. मलाही तसा उतारा सुटा ऐकून अस्वस्थ वाटेल. पण यादी बघा. पेननं 2021-22 मध्ये काढल्या गेलेल्या 1,648 पुस्तकांची छाननी केली. कुठल्याही प्रकारचा लैंगिक मजकूर असलेली त्यांत 22 टक्के होती. समलिंगी किंवा पारलिंगी माणसांविषयीची 41 टक्के, आणि ज्यांत मुख्य किंवा महत्त्वाचं पात्र गोरं नाही अशी 40 टक्के. लढा अश्लीलतेशी असता तर हे आकडे उलटे असते. टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या बोर्डानं जानेवारी 2022 मध्ये आर्ट स्पीगलमनचं 'माउस' आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमतानं काढलं. ज्यूंच्या संहारातून वाचलेल्या बापाची गोष्ट मुलगा चित्रांतून सांगतो, ते हे पुस्तक. आठ शिव्या आणि एक नग्न चित्र हे कारण दिलं गेलं. ते चित्र आत्महत्या केलेल्या आईचं आहे. एका कुटुंबाच्या सर्वनाशाच्या पानावर ज्यांना नग्नता दिसली, त्यांच्या नजरेवर मी माझ्या मुलांचं वाचन सोपवणार नाही.

मराठी वाचकानं तर या मुद्द्यावर फसूच नये, कारण हा वाद आपल्या भाषेत, आपल्याच मासिकावरून, देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काकोडकरांना निर्दोष ठरवलं. कोवळ्या वयातल्या वाचकांचं काय, हा प्रश्न न्यायालयानं टाळला नाही. नुसता लैंगिक उल्लेख आला म्हणून कादंबरी मुलांसाठी अयोग्य ठरवायची म्हटलं, तर मुलांना एकही कादंबरी वाचता येणार नाही आणि धार्मिक पुस्तकांवरच भागवावं लागेल, या आशयाचं उत्तर त्या निकालात आहे. पुस्तक सबंध वाचून ठरवा, हेही त्यात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1973 मध्ये अश्लीलतेची जी कसोटी घालून दिली तिचाही पाया हाच आहे: कृती समग्र पाहायची, आणि वाङ्मयीन मूल्य असेल तर ती अश्लील नव्हे. सभेत वाचलेला सुटा उतारा दोन्ही देशांच्या कसोट्यांवर नापास होतो.

वयानुसार पुस्तक निवडावं यात वाद नाही. दुसरीतल्या मुलाला टोनी मॉरिसन देऊ नये हे कुठल्याही ग्रंथपालाला शिकवावं लागत नाही. प्राथमिक शाळेचं ग्रंथालय वेगळं असतं, हायस्कूलचं वेगळं, आणि त्यासाठी शिकून तयार झालेली माणसं तिथे नेमलेली असतात. पण मिझूरीतल्या वेंट्झव्हिलच्या बोर्डानं जानेवारी 2022 मध्ये मॉरिसनची 'द ब्लूएस्ट आय' हायस्कूलमधून काढली, दुसरीतून नव्हे. सतरा-अठरा वर्षांच्या, पुढच्या निवडणुकीत मत देणार असलेल्या मुलांकडून. विद्यार्थी न्यायालयात गेले आणि महिन्याभरात बोर्डानं ते पुस्तक परत ठेवलं.

या सगळ्या प्रकरणांत जी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते ती साधी आहे. पुस्तक सबंध कुणी वाचलं होतं? 2023 मध्ये फ्लोरिडातल्या मायामी लेक्स इथल्या एका शाळेत अमांडा गॉर्मनच्या 'द हिल वी क्लाइंब' या कवितेविरुद्ध तक्रार आली. अध्यक्षांच्या शपथविधीत साऱ्या जगानं ऐकलेली ही कविता. तक्रारीच्या अर्जात लेखिका म्हणून नाव होतं ऑप्रा विन्फ्रीचं. तेवढ्या अर्जावर ते पुस्तक लहान मुलांच्या कपाटातून हललं. आता दुसरी बाजू पाहा. शिकागोच्या शाळा-प्रशासनानं मार्च 2013 मध्ये मर्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस' शाळांतून काढण्याचा आदेश दिला. लेन टेक या हायस्कूलमधली मुलं ग्रंथालयात ठिय्या देऊन बसली आणि रस्त्यावर उतरली, पुस्तक हातात घेऊन. इराणात क्रांतीनंतर पुस्तकं, गाणी, केस, बोलणं, एकेक गोष्ट मुलींच्या हातून कशी काढून घेतली गेली, हे त्या पुस्तकात त्यांनी वाचलेलं होतं. आदेश कशाच्या जातीचा आहे हे त्यांना त्या वाचनामुळेच कळलं. प्रशासनानं घाईघाईनं खुलासा केला की ग्रंथालयांतून पुस्तक जाणार नाही. सातवीच्या वर्गातून मात्र ते गेलं. पेनसिल्व्हेनियातल्या कुट्झटाउनमध्ये तर आठवीतल्या एका मुलीनं गावच्या पुस्तकाच्या दुकानात निषिद्ध पुस्तकांचं वाचनमंडळ सुरू केलं. 2022 च्या जानेवारीत पहिलं पुस्तक घेतलं ते ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म'. ही मुलं चिडली की आधी वाचायला बसतात.

विद्यार्थी आहे म्हणून तो बरोबर, असं माझं म्हणणं नाही. 2010 मध्ये मुंबई विद्यापीठानं रोहिंटन मिस्त्रींची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढली ती शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेच्या मागणीवरूनच. प्रती जाळल्या गेल्या, आणि कुलगुरूंनी आपले विशेष अधिकार वापरून वर्षाच्या मध्येच पुस्तक काढलं. तेही विद्यार्थीच होते. तक्रार होती ती शिवसेनेबद्दलच्या आणि मराठी माणसांबद्दलच्या काही वाक्यांवर, जी कादंबरीतल्या पात्रांच्या तोंडी येतात. मला त्या वाक्यांचा राग आला तर मी वर्गात हात वर करून ते बोलावं, परीक्षेत तसं लिहावं. त्यासाठी पुस्तक वर्गात असायला लागतं. शिकागोतल्या मुलांत आणि मुंबईतल्या त्या विद्यार्थ्यांत वयाचा फरक थोडाच होता. एकांना पुस्तक सगळ्यांनी वाचायला हवं होतं, दुसऱ्यांना ते कुणीच वाचायला नको होतं. शिक्षणाच्या ठिकाणी या दोन मागण्यांना सारखा मान देता येत नाही. मुंबई विद्यापीठानं तर दुसरीलाच मान दिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

पिको खटल्याचा निकाल मुलांच्या बाजूनं लागला म्हणून निर्धास्त राहावं, अशीही स्थिती नाही. त्या दिवशी पाच विरुद्ध चार असा कौल होता, आणि पुस्तकातला विचार आवडत नाही एवढ्यासाठी ते ग्रंथालयातून काढता येणार नाही, हे न्यायमूर्ती ब्रेनन यांचं तत्त्व पूर्ण बहुमतानं स्वीकारलेलं नव्हतं. पाचवे न्यायमूर्ती व्हाइट यांनी फक्त प्रकरण सुनावणीसाठी खाली पाठवायला संमती दिली. ती सुनावणी झालीच नाही. बोर्डानं पुस्तकं परत ठेवली. शिवाय ब्रेनन यांनी एक वाट मोकळी ठेवली होती: पुस्तक असभ्यतेनं भरलेलं असेल किंवा शिक्षणाच्या दृष्टीनं निरुपयोगी असेल तर काढता येईल. तेव्हापासून विचार आवडत नाही असं सहसा कुठलं बोर्ड लिहून देत नाही. बहुतेक असभ्यता लिहितात. आज बहुतेक तक्रारी अश्लीलतेच्याच का असतात याचं एक कारण हे आहे.

आणि आता ते तत्त्वही हलू लागलं आहे. टेक्सासमधल्या लॅनो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून 17 पुस्तकं काढली गेली होती. मे 2025 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयानं दहा विरुद्ध सात मतांनी सांगितलं, की ग्रंथालयातून पुस्तक काढण्याला वाचक आपल्या हक्काच्या आधारे आव्हान देऊ शकत नाही. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांना हे लागू आहे. त्याच वर्षी लष्करी तळांवरच्या शाळांमधून, अध्यक्षांच्या आदेशांच्या आधारे, जवळपास 600 पुस्तकं काढली गेली. व्हर्जिनिया, केंटकी, इटली आणि जपान इथल्या तळांवरच्या शाळांत शिकणारे बारा विद्यार्थी एप्रिलमध्ये न्यायालयात गेले. त्यांचे आईवडील सैनिक आहेत. राज्यघटनेच्या रक्षणाची शपथ त्यांनी घेतलेली आहे, आणि घटनेचा पहिला दाखला मुलांनी मागितला तो आपल्याच शाळेच्या ग्रंथालयासाठी. ऑक्टोबर 2025 मध्ये संघीय न्यायाधीशांनी त्यांच्या पाच शाळांत पुस्तकं परत ठेवण्याचा आदेश दिला. बाकीच्या तळांवरच्या शाळांतल्या मुलांना मात्र या आदेशानं काही मिळालं नाही.

न्यायालयं अशी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुकत असताना खरं काम गावातल्या स्कूल बोर्डातच व्हायला हवं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांना मी हे थेट सांगतो, कारण बोर्डाच्या निवडणुकीत मतदान इतकं कमी असतं, की शेदोनशे मतांवर निकाल फिरू शकतो, आणि तुमच्यातले बरेच जण त्या दिवशी मत द्यायला जातच नाहीत. तक्रार करणाऱ्यानं पुस्तक सबंध वाचल्याचं लिहून द्यावं. बोर्डाच्या सभासदांनी वाचल्याशिवाय मत देऊ नये. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहावं. या तीन गोष्टी कुठल्याही बोर्डाकडे मागता येतात, त्यांना पैसा लागत नाही. इलिनॉयनं जून 2023 मध्ये कायदाच केला: राजकीय मतभेदावरून पुस्तकं काढणाऱ्या ग्रंथालयांना राज्याचं अनुदान नाही.

चौथी मागणी मुलांची स्वतःची आहे. पुस्तकाचा निर्णय घेणाऱ्या समितीवर विद्यार्थी हवेत, नुसते ऐकणारे नव्हेत, मत देणारे. हे ऐकून माणसं दचकतात, पण हे घडतं आहे. मेरिलँडमधल्या मॉन्टगोमरी आणि हॉवर्ड काउंटीच्या बोर्डांवर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला विद्यार्थी-सभासद असतो आणि अनेक प्रश्नांवर त्याचं मत मोजलं जातं. हॉवर्डमधल्या त्या मताला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये ते कायम ठेवलं. आयलंड ट्रीजच्या त्या आठ जणांच्या समितीत चार पालक होते, शाळेतले चार जण होते. ती अकरा पुस्तकं ज्यांच्यासाठी आणली होती त्यांच्यापैकी एकही नव्हता.